पात्यावरचा १४१४ हा आकडा आणि जर्मन शिकारी तलवारीचं खरं वय

नुरेंबर्गजवळच्या जुन्या बाजारात घेतलेल्या शिकारी तलवारीचे फोटो टाकून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पात्यावर १४१४ कोरलंय, म्हणून विक्रेत्याने ती सहाशे वर्षांची सांगितली, ते खरं का? ती अस्सल आहे की नक्कल? आणि गंज घासून, पितळ चकचकीत करून ती पुढच्या वर्षी पुण्याला वडिलांकडे नेता येईल का?

मी जर्मनीत धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते आणि शिकारी हत्यारं माझ्या टेबलावर नेहमी येतात. सगळ्यात आधी एक विनंती: अजून काहीही घासू नका. वय सांगणारा निम्मा पुरावा त्या गंजात, पितळावरच्या काळपटपणात आणि मुठीच्या खाचांतल्या मळात आहे. एकदा पॉलिश फिरलं की तो कुणालाच परत आणता येत नाही. बाकी उत्तर सावकाश वाचा.

"अस्सल की नक्कल" हा प्रश्न तलवारीला असा सरळ लागू होत नाही. तलवार म्हणजे पातं, परज (पातं आणि मूठ यांमधली आडवी पट्टी), मूठ, मुठीमागची टोपी आणि म्यान. हे भाग वेगवेगळ्या कारागिरांनी केलेले असतात आणि बरेचदा वेगवेगळ्या काळातले असतात. पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन या जर्मन शहरातलं पातं ऑग्सबर्गच्या सोनाराकडे किंवा एखाद्या लहान गावातल्या कारागिराकडे जाऊन त्याला मूठ बसणं ही तिथली रोजची रीत होती. बापाची तलवार मुलाकडे आली की मूठ बदलायची, पातं तेच राहायचं. म्हणून मी कधीही एकदम एक साल सांगत नाही. प्रत्येक भागाचं वय वेगळं काढते आणि मग ते भाग एकत्र कधी आले ते पाहते. मूळ जुळणीतला सर्वांत नवा भाग ज्या काळातला, त्याच्या आधी ती तलवार या रूपात नव्हती, एवढं निश्चित म्हणता येतं.

आता तो १४१४. हे साल नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कितीतरी जर्मन पात्यांवर, विशेषतः शिकारी तलवारींवर, १४१४ किंवा १४४१ असे आकडे सापडतात. त्यामागचा अर्थ वेगवेगळा सांगितला जातो. बहुतेक अभ्यासक तो शुभ किंवा संरक्षक आकडा मानतात, आणि पातं घडवल्याचं ते साल नाही याबद्दल वाद नाही. तुमच्या तलवारीचा घाटच ते सांगतो. हरणाच्या खुरांच्या आकाराची टोकं असलेली आखूड परज, पात्याच्या बाजूला झुकलेली, हात वाचवणारी शिंपल्यासारखी लहान ढाल, शिंगाची मूठ आणि ५४ सेंटिमीटरचं सरळ, एकधारी, टोकाशी दुधारी पातं हे सगळं 'हिर्शफेंगर' या प्रकाराचं रूप आहे. कुत्र्यांनी थकवून कोंडीत पकडलेल्या किंवा जखमी झालेल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाला जवळ जाऊन शेवटचा वार करायला हे हत्यार होतं. सतराव्या शतकात ते स्थिरावलं आणि अठराव्या शतकात दरबारी शिकारीबरोबर बहरलं. १४१४ मध्ये या घाटाची वस्तूच नव्हती. मात्र विक्रेत्याने फसवलं असंही लगेच म्हणू नका. तो आकडा शंभर-दीडशे वर्षं लोक साल म्हणून वाचत आले आहेत, आणि त्याला त्याच्या घरच्यांनी तेच सांगितलं असेल. शिवाय हा आकडा तुमच्या बाजूचा पुरावाही ठरू शकतो, कारण तो खऱ्या जुन्या पात्यांवर येतो. पण कसा कोरलाय ते पाहावं लागेल.

आकड्याशेजारी जो धावता लांडगा आहे, त्याचंही तसंच. हा शिक्का मुळात पासाऊ या जर्मन शहरातल्या पाते घडवणाऱ्यांचा. पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनी तो सर्रास वापरला. आंद्रेआ फेरारा, साहागुन, तोलेदो ही इटालियन-स्पॅनिश नावंही झोलिंगेनमध्ये बिनदिक्कत कोरली जात, कारण त्या नावांना भाव होता. आपल्याकडे दख्खनमध्ये हेच घडलं. सतराव्या शतकात युरोपातून आलेली पाती इथल्या मुठीत बसवून फिरंग तयार होत होती आणि युरोपीय शिक्क्यांची नक्कल इथले कारागीरही करत होते. पुण्यात किंवा साताऱ्यात फिरंगीवर लांडग्याचा शिक्का दिसला तर जाणता माणूस लगेच 'झोलिंगेन' म्हणत नाही, आधी पातं पाहतो. जर्मनीतही तीच शिस्त पाळायची. शिक्का कोणीही मारू शकतो. घडण, झीज आणि धातू यांची नक्कल करणं जास्त अवघड असतं.

म्हणून भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं. लांडग्याच्या आणि आकड्याच्या रेषा बाजूने प्रकाश टाकून बघा. जुना लांडगा छिन्नीच्या मोजक्या फटक्यांनी काढलेला असतो. इतका ओबडधोबड की सांगितल्याशिवाय प्राणी वाटतही नाही. रेषेचा छेद व्हीसारखा, खोली कमीजास्त, कडेला धातू किंचित वर आलेला, आणि कधीकधी खाचेत पितळाचा अंश. उलट लांडगा सुबक दिसत असेल, त्याला शेपूट, कान, जीभ सगळं नीट असेल आणि रेषांची खोली सगळीकडे एकसारखी असेल, तर ते काम बहुधा आम्लाचं आहे. एक सावधगिरी इथे हवी. आम्लाने नक्षी काढणं ही पद्धत स्वतः खूप जुनी आहे, सोळाव्या शतकातली उत्तम कामं तशीच आहेत. म्हणून आम्ल दिसलं की नवं, असा नियम नाही. फरक असतो तो हाताचा. जुन्या कामात मेणावर सुईने काढलेल्या रेषा असतात, पात्याच्या दोन्ही बाजूंवर कोरलेली हरणं एकमेकांची जुळी नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील नमुना पात्यावर उतरवून नक्षी करायची पद्धत रूढ झाली. तिथे प्रत्येक पान सारखं, पार्श्वभूमी एकसारखी खरबरीत आणि चौकट रेघ मारल्यासारखी सरळ.

तुमच्या फोटोंत हरणाची नक्षी मुठीजवळ ठसठशीत आणि मधल्या भागात पुसट दिसते. हे मला आवडलं. म्यानातून काढता-घालताना मधला भाग घासतो, मुठीजवळचा वाचतो. आम्लात बुडवून 'जुनं' केलेल्या पात्यावर झीज अशी वागत नाही, ती सगळीकडे सारखी असते किंवा नको तिथे असते. गंजाचंही तेच. जुना गंज गडद तपकिरी ते काळा, घट्ट धरलेला, मधूनमधून खोल खड्डे पाडणारा. नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज ताजा असतो. तो दमट तळघरातला असू शकतो आणि मुद्दाम आणलेलाही. तुमच्या पात्यावर दोन्ही आहेत, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही.

खरी माहिती मला मुठीच्या फोटोंत मिळाली. शिंपल्याच्या ढालीवर कुत्री आणि रानडुक्कर आहे, धातू पिवळा आहे आणि खाचांत सोनेरी अंश दिसतो. पण मुठीमागची टोपी आणि मुठीचं कडं पांढरट आहे. चांदी असेल तर ती खाचांत काळी पडते. इथे मात्र पिवळसर राखाडी झाक आणि कोपऱ्यात हिरवट थर दिसतो. हे जर्मन सिल्वरचं लक्षण आहे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, ज्यात चांदी अजिबात नसते. हा धातू जर्मनीत १८२३ मध्ये श्नेबेर्गच्या एर्न्स्ट आउगुस्ट गाइटनर यांनी तयार केला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्येही बनू लागला. चीनमधून येणारा असाच पांढरा धातू अठराव्या शतकात युरोपात माहीत होता, पण तो दुर्मीळ आणि महाग. अशा शिकारी तलवारीवर तो असणं जवळजवळ अशक्य. म्हणजे टोपी आणि कडं १८२३ नंतरचं धरायला हरकत नाही.

ढालीवरच्या सोन्याचा प्रश्न वेगळा. जुनी मुलाम्याची पद्धत पाऱ्याची. सोनं पाऱ्यात मिसळून लेपायचं, तापवून पारा उडवायचा. तो थर जाड, ऊबदार रंगाचा आणि उंचवट्यांवर झिजलेला असतो. विजेने मुलामा देण्याची पद्धत १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी पेटंट केल्यानंतर पसरली, तिचा थर पातळ आणि एकसारखा. डोळ्यांनी फसगत होऊ शकते. संग्रहालयांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर चालणारं छोटं हातयंत्र असतं, ते धातूतली मूलद्रव्यं काही मिनिटांत सांगतं आणि त्यासाठी ओरखडाही काढावा लागत नाही. पारा सापडला तर ढाल जुन्या पद्धतीची. निकेल सापडलं तर टोपीबद्दलचा माझा अंदाज पक्का.

ढाल ओतलेली आहे, ते ठीकच. प्रश्न असा की ओतल्यावर कुणी हाताने काम केलंय का. जुन्या ढालीत कुत्र्याच्या केसांवर, पानांच्या शिरांवर छोट्या छिन्न्यांच्या खुणा स्वतंत्र दिसतात. जुन्या ढालीचा साचा घेऊन पुन्हा ओतलेल्या प्रतीत तपशील मऊ होतो, सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि आकार मूळपेक्षा किंचित लहान होतो, कारण धातू गार होताना आकसतो. या दृष्टीने तुमच्या फोटोत डुकराचे सुळे मला तीक्ष्ण वाटले, पण फोटो धूसर आहे.

मुठीचं शिंग युरोपीय लाल हरणाचं की सांबराचं, हेही पाहण्यासारखं आहे. लाल हरणाच्या शिंगात मधला सच्छिद्र गाभा जास्त असतो, सांबराचं शिंग जास्त भरीव. भारतातून सांबराची शिंगं युरोपातल्या सुऱ्या-चाकूंच्या कारखान्यांना मुठींसाठी मोठ्या प्रमाणात जात होती, आणि ती निर्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. मूठ सांबराची निघाली तर तो कारखानदारीच्या काळाकडे बोट दाखवणारा पुरावा ठरेल. हे फक्त शिंगाच्या कापलेल्या टोकावरून कळतं, आणि ते टोपीखाली झाकलेलं आहे, म्हणून सध्या सोडून द्या. शिंगाऐवजी रेझिन ओतून केलेल्या मुठीही बाजारात असतात. त्यांवर खालून-वरून जाणारी शिवण दिसते, खाचा गुळगुळीत असतात आणि अतिनील दिव्याखाली त्या शिंगापेक्षा वेगळ्या चमकतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय, तो मानू नका. खऱ्या मुठीवर कायमचा डाग पडेल. जुन्या शिंगाची एक खूण मात्र जपून ठेवण्यासारखी असते. शिंग वर्षांनुवर्षं वाळून आकसतं, धातूचं कडं तेवढंच राहतं, त्यामुळे दोघांत केसाएवढी फट पडते आणि तीत मळ बसतो. तुमच्याकडे ही फट आहे.

शिंगाची कार्बन तपासणी करावी का, असंही तुम्ही विचारलंय. या कामाला ती उपयोगाची नाही. साधारण १६५० नंतरच्या काळासाठी त्या पद्धतीचा आलेख इतका सपाट आणि वळणावळणाचा आहे की एकाच नमुन्याला सतराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत अनेक तारखा लागू पडतात. त्यासाठी मुठीचा तुकडा कापावा लागतो तो वेगळाच.

मुठीमागे टोपीवर जो चार बाजूंचा नट दिसतो, तो महत्त्वाचा आहे. जुन्या हिर्शफेंगरमध्ये पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकून पसरवलेली असते, त्यामुळे टोपीवर एक लहान, अनियमित गोल उंचवटा दिसतो. शेपटीला आटे पाडून नट बसवायची रीत मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आणि नंतरची. जुन्या पात्याची मूठ बदलताना शेपटी तुटली, तर तिला आटे पाडलेला तुकडा जोडून नट लावला जाई. म्हणजे नट आणि पांढरी टोपी एकाच दुरुस्तीचे साक्षीदार असू शकतात. नट खोलून पाहण्याचा मोह होईल. खोलू नका. आतली शेपटी गंजून फुगलेली असते, पिळ दिला की शिंगाला उभी चीर जाते. क्ष-किरण फोटो काढला की शेपटीवरचा जोड न खोलता दिसतो.

म्यानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण म्यानं झिजून बदलली जातच. तुमच्या म्यानाच्या मागची शिवण यंत्राची वाटते, टाके अगदी समान आहेत. बाजूला छोट्या सुरीसाठी जो कप्पा आहे त्यातली सुरी हरवलीय. तशी सुरी आता विकत घेऊन त्यात घालू नका.

मुठीलगतच्या जाड भागावर काही अक्षरं आहेत का, हे तुम्ही सांगितलेलं नाही, आणि फोटोत तो भाग चामड्याच्या गोल तुकड्याखाली झाकलाय. तो तुकडा हळूच, बळ न लावता सरकत असेल तर सरकवून बघा. तिथली अक्षरं कधीकधी सगळा वाद मिटवतात. लॅटिनमध्ये अमुक याने मला झोलिंगेनमध्ये घडवलं अशा अर्थाचा मजकूर सतराव्या-अठराव्या शतकात नेहमीचा, म्हणून नुसतं 'झोलिंगेन' दिसलं की नवं समजू नये. पण इंग्रजीत 'मेड इन जर्मनी' असेल, तर वस्तू १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतरची, कारण तो शेरा त्या कायद्याने सक्तीचा केला. राजाचं डोकं आणि शिरस्त्राण शेजारीशेजारी असेल, तर वायर्सबर्ग आणि किर्शबाउम ही पाती घडवणारी घराणी १८८३ मध्ये एकत्र आली त्यानंतरचं. खार असेल तर झोलिंगेनची आइकहोर्न कंपनी, म्हणजे १८६५ च्या आधीचं नाही. 'डीआरजीएम' ही नोंदणीकृत नमुन्याची जर्मन अक्षरं १८९१ नंतरची. 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारं, असेल तर सरळ विसावं शतक. ढालीवर किंवा पात्यावर हरणाच्या डोक्यावर शिंगांच्या मध्ये स्वस्तिक असेल तर ती १९३४ च्या शिकार कायद्यानंतरच्या नाझी काळातल्या शिकारी संघटनेची. तसं चिन्ह जर्मनीत जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, त्याचे फोटो इथे टाकू नका. मुठीत खाच आणि दाबायची कळ असती तर ती सैन्यातल्या येगर, म्हणजे हलक्या नेमबाज तुकड्यांची, बंदुकीला लावायची हिर्शफेंगर ठरली असती. तुमच्या मुठीत ते नाही.

आता माझं मत. फोटोंवरून दोन शक्यता उरतात. पहिली, पातं आणि ढाल अठराव्या शतकातली, आणि मूठ, टोपी, नट, म्यान एकोणिसाव्या शतकात बदललेलं. दुसरी, सगळीच तलवार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, जुन्या ढंगात घडवलेली. १८४८ च्या क्रांतीनंतर शिकारीवरचे सरंजामी हक्क गेले, शहरातले पैसेवाले शिकारीला लागले, त्यांना बापजाद्यांच्या थाटाची हत्यारं हवी होती, आणि झोलिंगेनने ती भरपूर पुरवली. म्युनिकच्या एर्न्स्ट श्मिट यांच्यासारख्या कार्यशाळा तर जुन्या हत्यारांच्या उत्तम प्रतिकृतींसाठीच प्रसिद्ध होत्या. तिसरी शक्यता, म्हणजे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली शोभेची नक्कल, मी जवळपास बाजूला ठेवते. शिंगाची आकसलेली फट, नक्षीची झीज आणि गडद गंज तिघेही तिच्या विरोधात आहेत. अशा नकला स्पेनमध्ये आणि भारतातही बनतात. त्यांचं पातं एकसारख्या जाडीचं, टोकाकडे पातळ न होणारं, हातात घेतल्यावर पुढे जड पडणारं असतं. जुनं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे हळूहळू उतरत जातं. कॅलिपर असेल तर मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे पाठीची जाडी मोजून कळवा.

पहिल्या आणि दुसऱ्या शक्यतेतला निकाल मुख्यतः लांडगाच देईल. छिन्नीचा असेल तर मी पहिलीकडे झुकेन. सध्या माझा कल पहिलीकडेच आहे, कारण पात्याची लांबी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या नेहमीच्या तलवारींपेक्षा जास्त वाटते, आणि नवी टोपी जुन्या ढालीशी रंगातही जुळत नाही. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या तलवारीत असा बेमेळ राहिला नसता. किंमत मूळ जुळणीच्या तलवारीपेक्षा कमी येईल. पण दुरुस्त होऊन दोन पिढ्यांनी वापरलेली तलवार नकली नसते. माझ्या दृष्टीने ती अभ्यासाला जास्त चांगली.

जपणुकीबद्दल: चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, सॅंडपेपर यांतलं काहीही नको. घरच्या तांब्या-पितळेला जे चालतं ते इथे मुलामा आणि मळ दोन्ही घेऊन जातं. नायट्राइलचे हातमोजे घाला, ताजा नारिंगी गंज मऊ सुती कापडाला हलकं खनिज तेल लावून टिपून घ्या, काळ्या गंजाला हात लावू नका. मग जतनासाठी मिळणाऱ्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. तलवार म्यानात ठेवू नका, चामड्यातलं आम्ल आणि ओल पात्याला खातात. दोन्ही शेजारी ठेवा. चामड्याला तेल पाजू नका.

पुण्याला नेण्याचं मात्र घाईने ठरवू नका. जर्मनीत ती घरी ठेवायला अडचण नाही, पण रस्त्यावरून नेताना बंद, कुलूपबंद पेटीतच न्यायची. भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार शस्त्रांच्या यादीत येते, आणि तुमचं पातं एकवीस इंचांच्या आसपास आहे. त्यात मूठ शिंगाची. सांबर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि विमानतळावरचा अधिकारी लाल हरणाचं शिंग आणि सांबराचं शिंग नुसत्या नजरेने वेगळं करू शकेल असं नाही. सामान भरण्याआधी कस्टम्सकडून आणि पुण्यातल्या पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना विभागाकडून लेखी उत्तर घ्या. ते येईपर्यंत वडिलांना फोटो पाठवा.

झोलिंगेनच्या ग्रेफ्राथ भागात पात्यांचं जर्मन संग्रहालय आहे आणि म्युनिकमध्ये शिकार व मासेमारीचं संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी मूळ जुळणीच्या हिर्शफेंगर काचेआड बघता येतात. तुम्हाला म्युनिक जवळ पडेल. तिथे मुठीमागच्या टोप्या नीट बघून या, ठोकलेला उंचवटा आणि नट यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

पुढचे फोटो पाठवताना एवढं करा: लांडगा आणि १४१४ जवळून, प्रकाश बाजूने. ढालीचा पुढचा आणि मागचा भाग. टोपी आणि नट वरून. कडं आणि शिंग यांच्यातली फट. मुठीलगतचा भाग, चामडं सरकलं तर. सोबत पातं, मूठ यांची लांबी आणि तीन ठिकाणची जाडी. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीजवळ दुपारचा उजेड पुरेसा आहे.